ढांगेकाकांची शंभर पावलं

बेलीफ दोनच प्रकारचे असतात, असं ढांगेकाका सांगत. कागद टाकणारे आणि कागद बजावणारे. टाकणारा दाराच्या फटीतून कागद आत सरकवतो आणि काढता पाय घेतो. बजावणारा समोरच्याच्या डोळ्याला डोळा देऊन कागद हातात ठेवतो, त्या हाताला तो जड लागला की नाही हे बघतो आणि मगच जिना उतरतो. काका स्वतः अर्थातच बजावणारे. टाकणाऱ्यांत त्यांनी आपला जन्माचा दोस्त पाऊण याला घातलं होतं. पाऊणला ते कबूल नव्हतं, आणि या एका भांडणावर दोघांच्याही म्हातारपणाच्या दुपारी मजेत सरत होत्या.

दोघांची खरी नावं पगारपत्रकातच राहिली. काका उंच, हाडापेराने लांबलचक. चालायला लागले की एका ढांगेत गटार आणि दुसरीत रस्ता. म्हणून ढांगे. पाऊण त्यांच्या खांद्याला लागायचा, तोही टाचा उचलल्यावर. दोघं एकाच दिवशी नोकरीवर रुजू झाले, तेव्हा नाझरसाहेबांनी, म्हणजे बेलिफांच्या वरिष्ठांनी, चष्म्यावरून बघत म्हटलं होतं, "एक सव्वा आणि एक पाऊण. चला, सरासरी बरोबर आहे." सव्वा हे नाव टिकलं नाही. पाऊण मात्र चिकटलं ते चिकटलंच.

बेलिफांची खोली न्यायालयाच्या मागच्या अंगाला, कोळसा ठेवायच्या जागेत होती. माणसं सहा आणि खुर्च्या चार, त्यामुळे दोघांनी कायम बाहेर असावं अशी व्यवस्था सरकारने न बोलताच केलेली. भिंतीला खुंट्या, खुंट्यांना सायकलींच्या किल्ल्या, कोपऱ्यात डिंकाची बाटली, जिचं बूच कोणी कधी लावलं नाही. उन्हं खिडकीच्या तिसऱ्या गजावर आली की नाझरसाहेब कागद वाटायला बसत. काकांना आता सकाळी काय खाल्लं ते आठवत नसे, पण त्या डिंकाचा वास अजून आठवायचा. आठवण आली की ते थापा मारायला बसत.

थापा म्हणजे कशा! एका माणसाने समन्स टाळायला पोपट पाळला होता आणि त्याला 'घरी नाहीत' एवढंच शिकवलं होतं. काकांनी पोपटाला म्हटलं, मग तुलाच बजावतो, इथे चोच उमटव. पोपट म्हणाला, "थांबा, विचारून येतो." दुसरा एक जण झाडावर चढून बसला. काका शेजारच्या फांदीवर चढले, आणि तिथे दोघांची अशी गट्टी जमली की संध्याकाळी झाडाच्या मालकाला दोघांवर समन्स काढावं लागलं. लेक ऐकत असली की म्हणायची, "बाबा, मागच्या वेळी फांदी तुटली होती." काका म्हणायचे, "ती दुसरी फांदी."

पण काकांची खरी कीर्ती थापांवर नव्हती. ती मनाईच्या कागदावर होती.

कायद्यात त्याला संरक्षण आदेश म्हणत. मारझोड करणारा, पाठलाग करणारा, दारात येऊन तमाशा करणारा जो कोणी असेल, त्याला न्यायाधीश लिहून देत की या बाईच्या दारापासून शंभर पावलांच्या आत फिरकायचं नाही. कायदा फार जुना. त्यात मीटर नव्हता, फूट नव्हता, 'पावले' होती. कोणाची पावलं, ते लिहायचं कायदा करणाऱ्यांना सुचलं नाही. मग रिवाज असा पडला की जो बेलीफ कागद बजावेल त्यानेच बाईच्या दारापासून शंभर पावलं चालायची, शंभराव्या पावलाला जमिनीवर पिवळ्या रंगाचा पट्टा ओढायचा आणि वहीत एकच शब्द लिहायचा, 'मोजली'. पट्ट्याच्या अलीकडे त्या माणसाचा पाय पडला की थेट कोठडी.

आता शंभर पावलं पाऊणने टाकली तर किती आणि ढांगेकाकांनी टाकली तर किती, हे सांगायला गणित लागत नाही. बायकांनाही लागलं नाही. चारदोन वर्षांत सगळ्या गावाला कळलं. बायका नाझरसाहेबांच्या टेबलापुढे उभ्या राहायच्या आणि हळूच म्हणायच्या, "साहेब, तो उंच बेलीफ द्या ना." नाझरसाहेब वैतागायचे, "हे काय कापडाचं दुकान आहे का, मोठा पन्हा मागायला?" आणि कागद काकांकडे सरकवायचे.

काका निघायचे. हातात रंगाचा डबा आणि ब्रश, तोंडाने पुटपुटत, मागे वळून वळून बघत. दारात बाई उभी. कधी कडेवर मूल, कधी डोळ्याखाली काळंनिळं. काका चालत राहायचे, चालत राहायचे, आणि कुठेतरी थांबून पट्टा ओढायचे. परत आल्यावर ती बाई पाणी द्यायची. तसं पाणी पुन्हा कुठे प्यायलो नाही, असं काका म्हणत. ही थाप नव्हती.

नोकरी संपून सोळा वर्षं झाली. पाऊण रोज दुपारी येऊन बसे आणि दोघं जुना डिंक उगाळत. अशाच एका दुपारी शिंपीण दारात उभी राहिली.

शिंपीण म्हणजे बोळातली. जुने कपडे आल्टर करून देण्याचं तिचं छोटंसं दुकान होतं आणि दुकानामागे खोली. एकोणीस वर्षांपूर्वी तिला छळणाऱ्या माणसावर काकांनीच तिचा मनाईचा कागद बजावला होता. तेव्हा ती पोरगेलीशी होती. आता केस पांढरे व्हायला लागले होते, आणि गळ्यात मोजपट्टी तशीच.

"काका, पेपर वाचलात?"

"मी फक्त माझी बातमी आली की वाचतो," काका म्हणाले. "बस."

ती बसली नाही. तिने घडी घातलेला पेपर लेकीकडे दिला आणि लेकीने मोठ्याने वाचला. राज्याच्या संरक्षण आदेशाच्या कायद्यात दुरुस्ती होणार होती. मसुदा तयार होता, हरकती आणि सूचना ऐकायला समिती गावात येणार होती. एक, आदेश आता फोनवर पाठवला तरी बजावला असं धरायचं. दोन, दर वर्षी आदेश नवा करून घ्यायची गरज नाही, रद्द होईपर्यंत तो चालू. तीन, 'शंभर पावले' हे शब्द काढून तिथे 'पंच्याहत्तर मीटर' घालायचे, आणि जुन्या आदेशांच्या खुणाही त्याप्रमाणे बदलायच्या.

"फोनवर," पाऊण म्हणाला. "टिंग वाजलं की बजावलं. ढांग्या, तुझी जात संपली रे. सगळे टाकणारेच."

"दुसरं चांगलं आहे," शिंपीण म्हणाली. "एकोणीस वेळा गेलेय मी तो कागद नवा करायला. दर वेळी तो समोरच्या बाकावर. ते थांबलं तर सुटलेच मी. पण तिसरं." तिने गळ्यातली मोजपट्टी हातात घेतली. "आमच्या बोळाचं वळण बेकरीपाशी आहे, आठवतंय ना तुम्हाला? तुमचा पट्टा वळणाच्या पलीकडे आहे. दारातून तिथलं फारसं काही दिसत नाही. पंच्याहत्तर मीटर वळणाच्या अलीकडे भरतात. मी मोजलं, याच पट्टीने, दीड-दीड मीटर करत."

"मग?"

"बेकरीच्या अलीकडच्या भिंतीला एक टपरी रिकामी आहे. ऐंशीव्या मीटरला. ती त्याने बोलून ठेवलीय. किल्ल्या बनवून द्यायचं दुकान टाकणार म्हणे. कायदा झाला की दुसऱ्या दिवशी."

किल्ल्या बनवणारा तो पहिल्यापासून होता. तिने तीन कुलपं बदलली होती, तिन्ही त्याने उघडली होती. कागद काढायचं कारणच ते.

"दुकान उघडलं की माझं दार त्याच्या समोर," ती म्हणाली. "सकाळपासून संध्याकाळपर्यंत. आणि सगळं कायद्यात. काका, तुम्ही समितीपुढे या. तुमचं पाऊल केवढं होतं ते सांगा. शंभर पावलं म्हणजे पंच्याहत्तर मीटर नव्हेत, एवढं त्यांना पटवा. बाकी मला काही नको."

काकांची छाती दोन इंच फुगली. "एवढंच ना? अगं पोरी, माझी ढांग म्हणजे... मी एकदा नदी..."

"बाबा," लेक म्हणाली.

"ओढा होता," काका म्हणाले. "येतो मी."

ती गेल्यावर पाऊण म्हणाला, "ढांग्या, तुझा खुबा बदललाय. तू आता माझ्यापेक्षा बारकं चालतोस."

"पाय बदलला, कीर्ती बदलली नाही," काका म्हणाले. पण त्या रात्री त्यांना नीट झोप लागली नाही. त्याला कारण खुबा नव्हता. पोटात एक गोष्ट होती, ती त्यांनी बायकोला सोडून कोणाला सांगितली नव्हती, आणि बायको जाऊन अकरा वर्षं झाली होती.

समिती शाळेच्या सभागृहात बसली होती. मध्यभागी अध्यक्षबाई, पिकलेल्या केसांच्या, पेन्सिलीने कान खाजवायची सवय असलेल्या. एका बाजूला चष्मेवाले सभासद, दुसऱ्या बाजूला टंकलेखिका आणि मोजणीदार. मोजणीदार तरुण, उंच, नम्र. त्याच्याकडे चाक लावलेली काठी होती, जमिनीवर फिरवली की अंतर दाखवणारी. त्याने उभं राहून सांगितलं की त्याच्या खात्याने नऊशे माणसांची पावलं मोजली, आणि सरासरी पाऊल पाऊण मीटर भरलं. म्हणून शंभर पावलं म्हणजे पंच्याहत्तर मीटर.

"म्हणजे शेवटी सगळ्या राज्याला तुझाच पाय लावणार," काका पाऊणच्या कानात कुजबुजले.

"माझं पाऊल पाऊण मीटर असतं तर मी आज घोडदळात असतो," पाऊण म्हणाला.

काकांची पाळी आली. ते उभे राहिले आणि बोलले, आणि छानच बोलले. कोळशाची खोली, नाझरसाहेब, मोठा पन्हा मागणाऱ्या बायका. सभागृहात माणसं हसली, अध्यक्षबाईंनी पेन्सिल खाली ठेवली. काकांनी सांगितलं की बेलिफाचं पाऊल म्हणजे रस्त्यावरच्या नऊशे भुरट्यांचं पाऊल नव्हे. त्यांचं स्वतःचं मीटरभराच्याही वर भरायचं. शिंपीण पहिल्या रांगेत बसून बोटं मोजत होती की काय कोण जाणे, पण तिचा चेहरा सैल पडत चालला होता.

"आजोबा," चष्मेवाले सभासद म्हणाले, "चालून दाखवता?"

कोणत्याही शहाण्या माणसाने इथे खुब्याचं निमित्त सांगितलं असतं. पण कीर्ती ही फार वाईट गोष्ट, ती माणसाला शहाणं राहू देत नाही. काका काठी टेकत सभागृहाबाहेरच्या लांबलचक ओट्यावर गेले. समिती मागे, माणसं मागे. मोजणीदार शेजारून चाक फिरवत निघाला. काका मोजत निघाले. एक, दोन, तीन. ढांग टाकायला पाय उचलला की खुबा म्हणायचा, मालक, बास. वीस. तीस. ओट्याच्या टोकाला वळून परत. सत्तराव्या पावलाला त्यांना दम लागला, नव्वदाव्याला लेक पुढे झाली, त्यांनी तिचा हात झटकला. शंभर.

मोजणीदाराने चाकाकडे बघितलं आणि फार हळू आवाजात सांगितलं, "एकावन्न."

कोणीतरी हसलं. चष्मेवाले सभासद वाईट नव्हते, पण विनोद आवरता आला नाही त्यांना. "बेलिफाचं पाऊल प्रमाण धरायचं, तर आपण पन्नासच लिहू या का?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते याला. इथे तर पाय दाखवून झालं होतं. काका खुर्चीत बसले. शिंपिणीकडे बघायचं धाडस त्यांना झालं नाही. तिचे मीटर वाढवायला म्हणून आले होते, ते चोवीस कमी करून बसले.

तेवढ्यात पाऊण उभा राहिला. तो उभा राहिला हे मागच्यांना कळलंच नाही, म्हणून लेकीने "इकडे, इकडे" म्हणत हात दाखवला.

"मीही बेलीफ होतो," पाऊण म्हणाला. "माझी शंभर पावलं साठ मीटर भरायची. मी एकही जास्त टाकलं नाही. नियम म्हणजे नियम. हा ढांग्या मला टाकणारा म्हणतो, आणि मी त्याच्याशी भांडतो. पण धुणी धुणारी एक बाई होती, साखर कारखान्यामागे राहायची. तिचा नवरा माझ्या पट्ट्याच्या बाहेर खुर्ची टाकून बसायचा. रोज. तिने कपडे वाळत घातले की टाळ्या वाजवायचा. ती माझ्याकडे आली. मी म्हटलं, बाई, पावलं शंभर आहेत, मी काय करू. तिसऱ्या महिन्यात ती गाव सोडून गेली. दोरीवरचे कपडेसुद्धा काढले नाहीत तिने. पावलं बरोबर होती, साहेब. मी पुन्हा जाऊन मोजली होती."

पाऊण बसला. इतक्या वर्षांत ही गोष्ट त्याने काकांना सांगितली नव्हती. काकांनी त्याला टाकणारा म्हणून हजारदा चिडवलं होतं आणि दर वेळी तो भांडला होता, हसत.

काका परत उभे राहिले. काठी लेकीकडे दिली.

"अध्यक्षबाई, मघाशी मी थाप मारली."

"कोणती?" अध्यक्षबाई म्हणाल्या. "मी चार-पाच मोजल्या."

"ढांगेची. माझी ढांग साधीच होती. उंच माणसाची असते तेवढी. फार तर ऐंशी-पंच्याऐंशी मीटर भरली असती शंभर पावलं. शिंपिणीच्या बोळात तेवढ्यात वळणसुद्धा आलं नसतं." त्यांनी घसा खाकरला. "मी मोजायचोच नाही. दारापासून निघायचो आणि मागे बघत राहायचो. दार दिसेनासं झालं की थांबायचो. तोंडाने पुटपुटायचो, लोकांना वाटायचं मोजतोय. मी पुटपुटायचो, साठ, साठ, साठ, साठ. वळण आलं की एकसष्ट. कुठे शंभर पावलांत दार झाकायचं, कुठे दीडशे लागायची. एकदा तीनशेवर गेली, सपाट मैदान होतं, तिथे शेवटी मी एका गोठ्यामागे पट्टा ओढला. मग लोक म्हणायला लागले, याची ढांग मोठी. मी म्हटलं, असू दे. नाव पडलं. नाव आवडलं."

लेक त्यांच्याकडे असं बघत होती की जणू पोपटाची गोष्ट खरी निघाली.

"म्हणजे तुम्ही सरकारी वहीत खोटं लिहिलंत," चष्मेवाले म्हणाले. आता त्यांचा आवाज विनोदाचा नव्हता.

"हो. 'मोजली' असं लिहिलं. मोजली नव्हती, बघितली होती."

"किती आदेश?"

"तीनशेच्या आसपास."

"मग त्या सगळ्या खुणा बेकायदा ठरतात, आजोबा. या बाईंचीसुद्धा. उद्या तो माणूस वकील घेऊन आला तर तुमचा पट्टा एका दिवसात पुसला जाईल. कायदा बदलायचीही वाट बघायला नको."

काकांचा पाय खोलात गेला होता तो असा. नुसतं नाव गेलं असतं तर चाललं असतं. त्यांनी शिंपिणीकडे बघितलं. ती उठून उभी राहिली होती.

"बाई," ती अध्यक्षबाईंना म्हणाली, "मी रोज मापं घेते. माणूस समोर उभा करून घेते. कोणी म्हणालं की सगळ्यांची सरासरी कंबर एवढी, तेवढाच कापा, तर माझ्याकडे गिऱ्हाईक टिकेल का? मला मीटर नकोत. पावलंही नकोत. मी दार उघडलं की तो दिसू नये. काकांनी नेमकं तेवढंच माप घेतलं होतं. चूक त्यांची नाही, पट्टी चुकीची होती."

अध्यक्षबाईंनी पेन्सिल कानाला लावली आणि बराच वेळ खाजवलं.

"उद्या सकाळी दहा वाजता आपण त्या बोळात जाऊ," त्या म्हणाल्या. "खूण जिथे आहे तिथून दार खरंच दिसत नसेल, तर मी मसुद्यात लिहीन की अंतर किमान पंच्याहत्तर मीटर, आणि दार दिसेनासं होईपर्यंत पुढे. जुन्या खुणा त्या कसोटीला उतरल्या तर कायम. दिसत असेल, तर आजोबा, तुमच्या बघण्यावर कायदा नाही लिहिता येणार."

दुसऱ्या दिवशी दहाला बोळ भरला. बेकरीवाला दारात आला, वरच्या मजल्यांवरच्या खिडक्या उघडल्या. ऐंशीव्या मीटरची टपरी बंद होती, तिला नवी फळी ठोकलेली दिसत होती, अजून रंग न दिलेली. तो माणूस मात्र कुठे दिसला नाही. मोजणीदार चाक घेऊन तयार. अध्यक्षबाई आणि टंकलेखिका दुकानाच्या पायरीपाशी उभ्या राहिल्या. पाऊण बेकरीपाशी जाऊन बसला, वळणावरून हाका पलीकडे पोचवायला.

काकांना काय करायचं ते सुचेना. बोळात ते नेहमी चालणारे असत. आज चालायचं काम दुसऱ्याचं होतं. शिंपिणीने त्यांना दारात बोलावलं, आणि ते तिच्या शेजारी, शिवणयंत्राला हात टेकून उभे राहिले. इतक्या दारांपासून ते निघाले होते, पण कोणाच्या दारात उभं राहून बोळाकडे त्यांनी कधी बघितलं नव्हतं. इथून तो भलताच आखूड वाटला. बेकरीवाल्याच्या शर्टाची बटणंसुद्धा मोजता येत होती.

मोजणीदार निघाला. पन्नास. पंच्याहत्तरला त्याने हात वर केला. तो पुरता दिसत होता, डोक्यापासून बुटांपर्यंत, हातातल्या चाकासकट. टंकलेखिकेने लिहून घेतलं. तो टपरीवरून गेला, वळला, भिंतीपलीकडे गेला.

पाऊणची हाक आली, "पट्ट्यावर उभा आहे. एकशे सहा मीटर. म्हणतोय, इथून दार दिसत नाही."

अध्यक्षबाईंनी मान हलवली. "मलाही तो दिसत नाही. आजोबा, नजर चांगली होती तुमची."

काकांनी मोठा श्वास सोडला. सोळा वर्षांत इतकं हलकं वाटलं नव्हतं. एखादी थाप सुचत होती, बऱ्यापैकी मोठी, आणि ती तोंडातून बाहेर पडणार इतक्यात शिंपीण म्हणाली, "मला दिसतोय."

"कुठे?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"तुम्ही पायरीखाली आहात. इथे वर, दारात या." तिने त्यांना उंबऱ्यावर घेतलं आणि बोट दाखवलं. बेकरीच्या भिंतीच्या कडेला, कमरेच्या बऱ्याच वर, निळ्या कापडाची एक कड होती. मोजणीदाराचा खांदा. त्याचा डोळा भिंतीआड होता, त्यामुळे त्याला दार दिसत नव्हतं. खांदा बाहेर राहिलाय हे त्याला कुठे माहीत होतं.

काका बघत राहिले. त्यांनी तीनशे दारांपासून चालताना हेच केलं होतं. आपल्याला दार दिसेना, म्हणजे दाराला आपण दिसत नाही, असं धरून चालले होते.

"तो तिथे येऊन उभा राहायचा?" त्यांनी हळूच विचारलं.

"वर्षातून एकदा. कागद नवा करून आणला की त्या दिवशी. पट्ट्यावर टाच ठेवून. मला दिसावं म्हणून." ती बोळाकडेच बघत होती. "तेवढं एक बोटभर दिसायचं. मी यंत्र फिरवून घेतलं, भिंतीकडे तोंड करून. आता सवय झाली."

"एकोणीस वर्षं. आणि एका शब्दाने बोलली नाहीस?"

"काका, तुम्ही बाकीच्यांपेक्षा इतकं लांब चालला होतात. त्याच्यावर आणखी कसं मागायचं?"

काकांनी स्वतःचा कान पकडला. आयुष्यात पहिल्यांदाच नसेल, पण साक्षीदारांसमोर पहिल्यांदा.

टंकलेखिका थांबली होती. "बाई, एकशे सहा लिहू?"

"नको," अध्यक्षबाई म्हणाल्या. "माप या बाई देतील. मसुद्यातही तसंच घाला, अर्जदाराने आपल्या दारात उभं राहून सांगायचं." मग शिंपिणीकडे वळल्या. "बोला. तुम्ही थांब म्हणाल तिथे पट्टा."

शिंपीण उंबऱ्यावर सरळ उभी राहिली. गळ्यातली मोजपट्टी काढून तिने यंत्रावर ठेवली.

"अजून," ती म्हणाली.

"अजून!" पाऊणने वळणावरून ओरडून पलीकडे पोचवलं.

निळी कड थोडी बारीक झाली.

"अजून."

"अजून!"

आता सुताएवढी राहिली होती. बोळात बेकरीवाला, खिडक्यांतली माणसं, सगळी एकाच भिंतीच्या कडेकडे बघत होती. काकांना घाई झाली होती. पुरे म्हण, असं त्यांच्या ओठांवर आलं होतं. ते त्यांनी गिळलं.

शिंपिणीला कसलीच घाई नव्हती. तिने डोळे बारीक केले, मान डावीकडे वाकवली, मग उजवीकडे, यंत्रावर बसल्यावर जेवढं दिसेल तेवढं वाकून बघितलं, आणि परत सरळ झाली.

"अजून एक," ती म्हणाली.